जड आणि हलकं: योगनिद्रेतली द्वंद्वं

योगनिद्रेच्या वर्गात अर्धा वेळ सरल्यावर एक सूचना येते आणि नवखा माणूस ती ऐकून चमकतो. सतरंजीवर उताणं पडून अंग सैल झालेलं असतं, श्वास संथ चाललेला असतो, आणि शिक्षक म्हणतात, ‘दुखणं आठवा. कधीतरी सोसलेलं, अंगाचं किंवा मनाचं, कुठलंही. ते आत्ता जाणवू द्या.’ विश्रांतीसाठी आलेल्याला दुखणं कशासाठी आठवायला लावायचं? वर्ग संपल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. काही शिक्षक ही सूचना गाळूनच टाकतात. मोबाइलवर ऐकायच्या ध्वनिफितींत तर ती क्वचितच सापडते. तिथे बासरी असते, पाण्याचा आवाज असतो आणि ‘तुम्हाला खूप हलकं, खूप छान वाटत आहे’ असं आश्वासन असतं. ही सूचना गाळली की योगनिद्रेचा गाभाच निघून जातो, असं माझं ठाम मत आहे.

आज जगभर ज्या रूपात योगनिद्रा शिकवली जाते, ते रूप स्वामी सत्यानंद सरस्वतींनी घडवलं. अल्मोड्यात १९२३ साली जन्मलेले सत्यानंद ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य. पुढे गंगेकाठच्या मुंगेरला त्यांनी बिहार योग विद्यालय उभं केलं आणि १९७६ साली ‘योगनिद्रा’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. या पद्धतीचं बीज कुठे पडलं, ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. ऋषिकेशला एका संस्कृत पाठशाळेत ते रात्रीची राखण करत. पहाटे ते झोपलेले असताना मुलं उठून वेदमंत्र म्हणत. बऱ्याच दिवसांनी एका समारंभात तेच मंत्र कानावर पडले, तेव्हा कधीही न शिकलेले ते शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, असं त्यांच्या लक्षात आलं. झोप आणि जाग यांच्या सीमेवर मन बरंच काही उचलतं, हा धागा त्यांनी तिथून पकडला.

दुसरा धागा तंत्रातल्या न्यासाचा. आपल्याकडे सप्तशतीच्या किंवा सहस्रनामाच्या पाठाआधी करन्यास आणि अंगन्यास करतात, तो पुष्कळांनी घरात पाहिलेला असतो: बोटं, हृदय, मस्तक, शिखा अशा एकेका ठिकाणी स्पर्श करत मंत्र ठेवायचा. सत्यानंदांनी मंत्र आणि स्पर्श बाजूला ठेवले, फक्त अवधान ठेवलं. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख. शिक्षक नाव घेतात आणि ऐकणाऱ्याने मन तिथे नेऊन लगेच पुढे सरकायचं. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून शरीराच्या कुठल्या भागाला मेंदूत किती जागा आहे, याचा नकाशा तयार केला होता. त्यात हाताला, विशेषतः अंगठ्याला, आणि ओठ-जिभेला त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली दिसते. न्यासाची सुरुवात हातापासून होते, याचा या नकाशाशी सत्यानंदांनी आवर्जून संबंध जोडला.

पूर्ण योगनिद्रेचा क्रम असा: आधी शरीर स्थिर, मग एक छोटा संकल्प, मग अवयवांवरून फिरणारं अवधान, मग श्वासाची उलटी मोजणी, मग द्वंद्वं म्हणजे विरुद्ध संवेदनांच्या जोड्या, त्यानंतर डोळ्यांपुढे आणायची चित्रं, पुन्हा तोच संकल्प आणि शेवटी सावकाश बाहेर येणं. महाराष्ट्रात ही पद्धत ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळासारख्या, बिहार योगाशी नातं असलेल्या संस्थांमधून अनेकांपर्यंत पोहोचली. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो अवयवांचा फेरा, कारण त्यातच अर्ध्या लोकांना झोप लागते. द्वंद्वांपर्यंत जागं राहणं हीच पहिली साधना.

द्वंद्वांच्या टप्प्यात तीन जोड्या येतात. पहिली जड आणि हलकं. ‘उजवा हात जड होत आहे. डावा हात जड. दोन्ही पाय जड. पाठ जड होऊन जमिनीत रुतते आहे.’ थोडा वेळ हे जडपण अंगभर राहू द्यायचं आणि मग तेच अवयव पुन्हा घेऊन ते हलके होताहेत, जमिनीवरून अलगद उचलले जाताहेत, असं जाणवू द्यायचं. दुसरी जोडी थंडीची आणि उष्णतेची: पौषातल्या पहाटे अनवाणी पायांना लागणारी शहाबादी फरशी, आणि नंतर वैशाखातल्या भर दुपारचं ऊन. तिसरी जोडी दुःखाची आणि सुखाची. प्रत्येक जोडीत एक गोष्ट सांभाळावी लागते. नुसती कल्पना करायची नाही, संवेदना जागवायची. ‘थंडी’ हा शब्द मनात म्हणून भागत नाही, अंगावर काटा यावा लागतो. चांगला शिक्षक म्हणूनच घाई करत नाही. तो एक बाजू पुरती उभी राहू देतो, ती सोडायला लावतो आणि मगच दुसरीकडे नेतो. काही वर्गांत शेवटी दोन्ही बाजू एकदम धरायला सांगतात: अंग जडही आहे आणि हलकंही. हे जमत नाही म्हणून मन क्षणभर थबकतं, आणि त्या थबकण्यातच बहुतेकांना सगळ्यात खोल शांतता भेटते.

नुसत्या सूचनेने अंग जड होतं का, गरम होतं का? होतं, आणि हे फक्त योगवाल्यांनीच पाहिलेलं नाही. बर्लिनमधले डॉक्टर योहानेस शुल्त्स यांनी १९३२ साली ऑटोजेनिक ट्रेनिंग या नावाने एक शिथिलीकरणाची पद्धत मांडली. संमोहनातल्या माणसांना हातापायांत जडपणा आणि ऊब जाणवते, हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. मग संमोहन करणाऱ्याशिवाय, माणसाने स्वतःच स्वतःला त्या सूचना दिल्या तर? त्यांनी सहा सूचना ठरवल्या: हातपाय जड, हातपाय उबदार, हृदय शांत, श्वास आपोआप चाललेला, पोट उबदार आणि कपाळ गार. जडपणा म्हणजे स्नायू सैल पडल्याची खूण. ऊब म्हणजे हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून तिथे जास्त रक्त खेळू लागल्याची खूण. आणि बाकी सगळं उबदार असताना कपाळ मात्र गार. शुल्त्स योगाच्या वाटेने आले नव्हते, तरी एकाच देहात ऊब आणि गारवा शेजारी ठेवावेत, हे त्यांनाही सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हातपाय उबदार असलेल्या माणसाला झोप लवकर लागते. अंतर्भागातली उष्णता हातापायांवाटे बाहेर पडली की झोपेचं दार उघडतं.

याहून विलक्षण प्रयोग १९७० साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे झाला. मेनिंजर फाउंडेशनमधले संशोधक एल्मर ग्रीन यांनी हिमालयातले योगी स्वामी राम यांच्या तळहातावर दोन ठिकाणी तापमान मोजणारी उपकरणं लावली. स्वामी राम शांत राहिले, आणि एकाच तळहातावरच्या त्या दोन जागांमध्ये सुमारे १० अंश फॅरनहाइटचा फरक पडला. एक बाजू गुलाबी झाली, दुसरी राखाडी. ही सिद्धी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही. पण ज्या वाटेने ते तिथे पोहोचले, त्या वाटेवरची पहिली काही पावलं आपणही चालू शकतो, एवढं शुल्त्सच्या पद्धतीने शिकलेल्या हजारो माणसांवरून दिसतं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, कारण ही जोड्यांची मांडणी सत्यानंदांनी हवेतून काढलेली नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत साधनपादातली ४६ ते ४८ ही तीन सूत्रं सलग वाचावीत. पहिल्यात आसन कसं असावं ते येतं: स्थिर आणि सुखाचं. दुसऱ्यात ते साधतं कसं: प्रयत्न सैल सोडून आणि चित्त अनंताशी जोडून. तिसऱ्यात त्याचं फळ: मग द्वंद्वांचा आघात होत नाही. द्वंद्वं म्हणजे काय, तर व्यासभाष्य पहिलं उदाहरण देतं ते शीत-उष्णाचंच. थंडी वाजणार नाही किंवा उकडणार नाही, असं पतंजली म्हणत नाहीत. थंडी थंडीच्या जागी राहील, फक्त तिचा घाव बसणार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला आधी हेच शीत-उष्ण आणि सुख-दुःख येणारं-जाणारं आहे म्हणून सोसायला सांगतो, आणि पुढे समत्वालाच योग म्हणतो. ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशात हा विचार मराठीत आणला, तेव्हापासून सुखदुःखाला सारखंच मानणारा माणूस हा आपल्या कीर्तनांतला, ओव्यांतला ओळखीचा आदर्श आहे. पण आदर्श ऐकणं वेगळं आणि त्याचा सराव करायला हाती काही असणं वेगळं. योगनिद्रेतल्या तीन जोड्या हा तो सराव आहे, असं मला वाटतं.

पतंजलींकडेच विरुद्ध गोष्टींचा आणखी एक, अगदी वेगळा उपयोग सापडतो. त्याच पादातलं ३३वं सूत्र सांगतं की हिंसेचे, असत्याचे वगैरे विचार त्रास देऊ लागले की त्यांच्या विरुद्ध बाजूची भावना मनात जागवावी. ही प्रतिपक्षभावना. इथे एक बाजू नको असते आणि दुसरी तिला हटवण्यासाठी आणलेली असते. विसाव्या शतकातल्या मानसोपचारात याचं जवळचं भावंड दिसतं. दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पे यांनी मांजरांवर प्रयोग केले. ज्या पिंजऱ्याची मांजरांना धास्ती बसली होती, त्यापासून दूर त्यांना खायला द्यायचं आणि खाणं हळूहळू पिंजऱ्याजवळ न्यायचं. खाण्याचं सुख आणि भीती एका वेळी टिकत नाहीत, म्हणून भीती मावळते. हाच नियम त्यांनी माणसांना लावला. भीती वाटणाऱ्या गोष्टीची थोडी थोडी कल्पना आणि तिच्या जोडीला स्नायूंचं खोल शिथिलीकरण. १९५८ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि फोबियावरच्या उपचारांची एक मोठी शाखा त्यातून वाढली. शिथिलीकरणासाठी त्यांनी आधार घेतला तो शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांचा. जेकबसन यांच्या १९२९च्या पुस्तकातली युक्ती आज फिजिओथेरपीच्या खोलीतही दिसते: मूठ आधी घट्ट आवळा, ताण नीट ओळखा, मग सोडा. ताण काय असतो हे ज्याला कळलंच नाही, तो तो सोडणार कसा? आयुष्यभर खांदे आखडून बसलेल्या माणसाला आपले खांदे आखडले आहेत, हेच ठाऊक नसतं.

प्रतिपक्षभावनेत एक बाजू जिंकते. योगनिद्रेतल्या द्वंद्वांत कुणीच जिंकत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळं मर्म इथे आहे. जड वाईट आणि हलकं चांगलं असं इथे नाही. थंडी हटवायला उष्णता आणलेली नाही. माणसाने फक्त एका टोकाला जायचं, तिथे थांबायचं, निघायचं, दुसऱ्या टोकाला जायचं, तिथेही थांबायचं आणि तिथूनही निघायचं. लाकडात रुतलेला खिळा काढताना तो आधी दोन्ही बाजूंना हलवून सैल करतात, तसं काहीसं आपल्या आणि संवेदनेच्या नात्याचं होतं. एरवी दुखायला लागलं की मन तिथेच चिकटतं, आणि बरं वाटलं की ते निसटू नये म्हणून त्यालाही चिकटतं. इथे दुखणं आपण बोलावून आणतो आणि आपणच निरोप देतो. जे बोलावता आलं आणि पाठवता आलं, त्याची दहशत कमी होते. सुखाचंही तेच: तेही आलं आणि गेलं. या टप्प्यातून भावनांच्या पातळीवरची शिथिलता येते आणि इच्छाशक्ती वाढते, असं सत्यानंद सांगत. इच्छाशक्तीचा शब्द मला आधी खटकायचा, पण संवेदनेच्या आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची ताकद, या अर्थाने तो चपखल आहे.

शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर आपली स्वायत्त मज्जासंस्थाही दोन विरुद्ध शाखांवर तोललेली आहे. एक शाखा नाडी वाढवते, पचन थांबवते, अंगाला धावायला तयार करते. दुसरी नाडी उतरवते, पचन चालू करते, झीज भरून काढते. दोन्ही दिवसभर एकत्र काम करतात. निरोगी माणसात श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, म्हणजे प्रत्येक श्वासासोबत तराजू थोडा इकडे आणि थोडा तिकडे झुकतो. तणावाखाली जगणाऱ्या माणसाचा तराजू एका बाजूला अडकतो. त्याला फक्त ‘शांत व्हा’ म्हणून तो सुटत नाही. त्वचेची ऊब, थंडी, वेदना, छातीची धडधड, भूक, हे सगळे आतले निरोप मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागात एकत्र येतात. मेंदूशास्त्रज्ञ ए. डी. क्रेग यांनी २००२ साली हे चित्र तपशिलात मांडलं आणि शरीराच्या स्थितीची जाणीव हाच भावनांचा पाया आहे, असं म्हटलं. जड-हलकं, थंड-गरम, दुःख-सुख या जोड्यांची निवड पाहिली, तर त्या जवळपास याच पायावर बेतलेल्या दिसतात.

पुरावा किती? आहे, पण तो नीट तोलून घ्यायला हवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा सरासरी रक्तदाब १३४वरून १०७वर आला. या अभ्यासात डॉ. विनेकर होते, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात उभ्या केलेल्या कैवल्यधामाच्या परंपरेतला हा माणूस. या कामाबद्दल मराठी माणसाला जेवढा अभिमान असायला हवा, तेवढा तो दिसत नाही. रुग्णांना दिलेली मुख्य सूचना पाहण्यासारखी आहे: नाकपुड्यांशी लक्ष ठेवा, आत येणाऱ्या श्वासाचा गारवा आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाची ऊब ओळखा. म्हणजे शीत-उष्णाची जोडी तिथेही होती, तीही कल्पनेतली नव्हे तर खरीखुरी, प्रत्येक श्वासात मिळणारी. मात्र तुलनेसाठी स्वतंत्र गट या अभ्यासात नव्हता, त्यामुळे रक्तदाबातली सगळी घट शवासनाच्या खात्यावर मांडता येत नाही. त्यानंतर लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी तुलनेचा गट घेऊन याच दिशेने काम केलं आणि त्यांचे निबंध सत्तरच्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये आले. कोपनहेगनजवळच्या संशोधकांनी २००२ साली योगनिद्रा करणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिनचं स्रवणं ६५ टक्क्यांनी वाढल्याचं मोजलं. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो. त्यात माणसं फक्त आठ होती, आणि तीही ध्यानात मुरलेली, हे मात्र सोबत सांगितलं जात नाही.

घरी करायचं तर जेवणानंतर निदान दोन तासांनी, पंख्याच्या थेट झोताखाली नको, अंगावर पातळ चादर असावी, कारण शिथिल झालेलं शरीर लवकर गार पडतं. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेलं ब्लँकेट घ्यावं. सुरुवातीला जड-हलक्याची एकच जोडी पुरे. ती रोज दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन आठवडे केल्याशिवाय पुढची घेऊ नये. जडपणा जाणवत नसेल तर हात खरोखर थोडा उचलून खाली सोडावा, संवेदना तिथून सुरू होते. प्रत्येक टोकाला चार-पाच श्वास थांबावं. ध्वनिफीत ऐकायची असेल तर निवेदकाच्या दोन वाक्यांमध्ये शांतता किती आहे ते पाहून निवडावी. सलग बोलणारा आवाज संवेदना उभी राहायला वेळच देत नाही. आणि गाडी चालवताना असली फीत कधीही लावू नये.

दुखण्याची जोडी सगळ्यांसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. शिथिल होऊ लागताच काही माणसांची घालमेल वाढते, छाती धडधडते; हाइडे आणि बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली याची रीतसर नोंद केली आहे. अपघात, हिंसा किंवा जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू सोसलेल्या माणसाने अंधाऱ्या खोलीत एकट्याने दुःख आठवण्याचा प्रयोग करू नये. अमेरिकेत रिचर्ड मिलर यांनी युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी योगनिद्रेचं एक रूप बसवलं, त्यात त्यांनी जोड्या काढल्या नाहीत, पण त्यांच्या आधी एक आसरा बांधला: आपल्याला जिथे सुरक्षित वाटतं अशी एक जागा किंवा आठवण प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवायची, आणि दुखणं झेपेनासं झालं की तिकडे परतायचं. शिवाय आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव उघडायचाच नाही. दाराच्या फटीत सापडलेलं बोट, परीक्षेतला एक पडलेला पेपर, एवढंच पुरतं. नैराश्यावर किंवा मनोविकारावर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच, आणि शिक्षकासमोरच करावं.

ज्यांना हे सगळं जड वाटतं, त्यांनी फक्त नाकपुडीशी येणारा गार आणि जाणारा उबदार श्वास धरावा. त्याला सतरंजी लागत नाही, डोळेही मिटावे लागत नाहीत. दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहताना किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या ते करता येतं. दहा श्वास गारव्याकडे लक्ष, पुढचे दहा उबेकडे, आणि मग दहा दोन्हींकडे. उन्हाळ्यात बाहेरची हवाच तापलेली असते, तेव्हा गारवा पुसट होतो. अशा वेळी पहाटे किंवा अंघोळीनंतर लगेच करून पाहावं.